नदीचं मूळ, गाडीचं कूळ

"इंजिन मूळचंच आहे ना?"

परिवहन कार्यालयाच्या मैदानात, भर उन्हात, गाडीची तपासणी करणाऱ्याने विचारलेला हा साधा प्रश्न. त्यात काही खोच नव्हती. दर पाच वर्षांनी जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करून घ्यावी लागते, त्यासाठी मी आमची १९७२ सालची फियाट घेऊन गेलो होतो. "कागदावर आहे तेच आहे," मी म्हणालो. त्याने बॉनेट उघडून इंजिनवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला आणि तो पुढच्या रिक्षाकडे वळला. त्याचं काम झालं, माझं मात्र अडकलं. कारण आमच्या गाडीचं इंजिन मूळचं नाही. १९८६ मध्ये पहिल्या इंजिनाचा ब्लॉक तडकला, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अपघातात चेपलेल्या दुसऱ्या एका फियाटचं इंजिन विकत घेऊन बसवलं आणि त्याची रीतसर नोंद करून घेतली. तेव्हापासून आजवर गाडी जितकी धावली, त्यातला मोठा भाग याच इंजिनावर धावली. मग मूळचं कुठलं म्हणायचं?

जुन्या गाड्यांचा छंद म्हटला की संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, चकचकीत क्रोम, फेटे बांधलेले मालक आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या वर्तमानपत्रांतले फोटो आठवतात. दिल्लीत 'स्टेट्समन'ची रॅली १९६४ पासून होते, मुंबईतही अशा मिरवणुका निघतात. त्या गाड्यांचं जग वेगळं, त्यांच्यासाठी परदेशातून सुटे भाग आणि कधी कारागीरही येतात. मला सांगायचं आहे ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बंगल्याच्या बोळात, पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांविषयी: फियाट, अँबेसेडर, स्टँडर्ड हेराल्ड. या कुणी हौसेने घेतल्या नव्हत्या. देशात मिळत होत्या त्या एवढ्याच, म्हणून घेतल्या. छंद नंतर आला.

फियाटचंच कूळ पाहा. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात इटलीच्या फियाट कंपनीने नवी ११०० मांडली. तिची रचना दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली झालेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याआधी अमेरिकी गाड्यांची जुळणी होत असे. पन्नासच्या दशकात तिथे ही ११०० तयार होऊ लागली. पुढच्या आकारामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं, तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडत. मग १९६४ ची ११०० डी आली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे ती नव्या शतकाच्या तोंडापर्यंत बनत राहिली. म्हणजे इटलीत जन्मून जेवढं जगली, त्याच्या दुपटीहून अधिक ती कुर्ल्यात जगली. मद्रासच्या हेराल्डची गोष्ट याहून गमतीची आहे. मूळ गाडी इंग्लंडची, आरेखन इटलीच्या मिकेलोत्तीचं, पण चार दारांची हेराल्ड इंग्लंडमध्ये कधी झालीच नाही. ती मद्रासने बनवली, इथल्या कुटुंबाला मागच्या सीटवर दोन दारांतून वाकून शिरणं जमेना म्हणून. या गाडीचा 'मूळपणा' इंग्लंडमध्ये शोधायला गेलं तर हाताला काहीच लागणार नाही.

आता रविवारकडे येऊ. या छंदाचं खरं आयुष्य रॅलीत नसतं, रविवारी सकाळी साडेसात ते अकरा या वेळात असतं. नवी गाडी वापरणाऱ्याला वाटतं, जुनी गाडी 'असते'. ती असत नाही, ती दर आठवड्याला पुन्हा करावी लागते. पंधरा दिवस उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. बॅटरीची तार आपण काढून ठेवलेली असते ती लावायची, झाकण काढून कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर पेट्रोल ओतायचं, चोक ओढायचा आणि सेल मारायचा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात इंजिन खोकतं. नाही खोकलं तर पॉइंट.

पॉइंट म्हणजे काय हे आता तिशीतल्या मेकॅनिकलाही सांगावं लागतं. आजच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची हे संगणक ठरवतो. फियाटमध्ये ते काम डिस्ट्रिब्यूटरमधले दोन इवलेसे धातूचे ठिपके करतात. एक गोल फिरणारा कॅम त्यांना उघडतो, मिटू देतो. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. उघडलेल्या ठिपक्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि सगळं गणित त्या फटीवर. फट जास्त झाली की ठिणगी लवकर, कमी झाली की उशिरा. शेजारी बोटाएवढा कंडेन्सर असतो, तो बिघडला की ठिपके जळून काळे पडतात आणि गाडी थंड असताना बरी चालून तापल्यावर गचके खाते. उपाय असा: बारीक पॉलिश पेपरने ठिपके घासायचे, फीलर गेजची पट्टी फटीत सरकवायची, ती लोण्यातून सुरी जावी तशी न जाता किंचित अडून गेली पाहिजे. 'किंचित अडून' म्हणजे किती, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मला ते कळायला दोन वर्षं लागली. आमच्या मिस्त्रीचाचांना पट्टीही लागत नाही, ते नुसत्या नजरेने बसवतात आणि मग कान देऊन ऐकतात.

अशी ज्ञानं बरीच आहेत. मे महिन्यात बोरघाट चढताना गाडी बंद पडली की जुनी माणसं पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकत. पंप इंजिनलाच चिकटलेला, तापल्यावर आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप द्रव खेचू शकतो, वाफ नाही. फडक्याने पंप गार झाला की दहा मिनिटांत गाडी चालू. हा जुगाड नाही, शुद्ध भौतिकशास्त्र आहे. फक्त ते कुणी शिकवलं नाही, बापाकडून मुलाकडे आलं. हल्ली त्यात भर पडली आहे ती इथेनॉलची. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, पंपातला पडदा यांना फुगवतं. म्हणून आमच्यातले काही जण काचेच्या मोजपात्रात पेट्रोल घेऊन त्यात थोडं पाणी घालून हलवतात. इथेनॉल पाण्याकडे जातं, तळाचा थर वाढतो, तो किती वाढला ते पाहून टक्केवारी काढतात. निवृत्त माणसं रविवारी सकाळी गच्चीवर हे करताना पाहून शेजाऱ्यांना काय वाटत असेल देव जाणे.

आठवड्याची ही कामं झाली. पण ज्याला छंदी लोक 'प्रोजेक्ट' म्हणतात ते वेगळं, त्याला वर्षं लागतात, आणि त्याचा शत्रू एकच: गंज. फियाटला वेगळी चासी नसते. जुन्या अमेरिकी गाड्यांत किंवा हेराल्डमध्ये खाली लोखंडी सांगाडा असतो आणि बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. फियाटची बॉडी हाच सांगाडा. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि छताचे खांब मिळून गाडीचं वजन पेलतात. दारांखालच्या या पेट्यांना पाणी निघून जायला खाली भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की कोकणपट्टीचा पावसाळा आत साठतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आतून पत्र्याचा पापड झालेला असतो. स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावं, आरपार जातो.

नवखा माणूस इथेच मोठी चूक करतो. कुजलेली पेटी कापून काढतो आणि नवी बसवायला घेतो, तेवढ्यात गाडी मधून किंचित खचते. डोळ्यांना दिसत नाही, पण नवी पेटी डागून झाल्यावर दार लागत नाही, आणि मग ते कधीच नीट लागत नाही. ठाण्यातल्या एका छंदी गृहस्थांच्या गाडीचं असं झालेलं मी पाहिलं आहे. चार वर्षांचं काम, सुरेख रंग, आणि मागचं डावं दार आजही उचलून लावावं लागतं. जाणता डेंटर आधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या तिरप्या डागून घेतो, चारही बाजूंची मापं खडूने भिंतीवर लिहितो, मगच कापतो. आणि एका वेळी एकच बाजू.

आमच्या गाडीचा तळ काढला तेव्हा मला रंगाचे थर मोजता आले. वरचा करडा मी दिलेला. त्याखाली पांढरा, त्याखाली पुट्टीचा जाड थर, त्याखाली आकाशी, आणि सगळ्यांत खाली कारखान्यातला फिकट हिरवा. मागच्या मडगार्डला पितळेने जोडलेलं एक ठिगळ निघालं. आता कुणी असा जोड करत नाही. डेंटर म्हणाला, हे काढू, नवा पत्रा घालू. मी अण्णांची वही आणली.

ही वही या लेखाचं खरं कारण आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. गाडी घेतल्यापासून अण्णांनी तिच्यात प्रत्येक दुरुस्ती लिहिली: तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, कुठे, किती पैसे. इंजिन पहिल्यांदा बोअर केलं ती नोंद आहे. सिलिंडर झिजला की लेथवर तो थोडा मोठा करून त्यात मोठा पिस्टन घालतात. फियाटचा सिलिंडर कारखान्यातून ६८ मिलिमीटरचा येतो, चार सिलिंडर आणि ७५ मिलिमीटरचा पल्ला मिळून १०८९ सीसी. दोन-तीनदा बोअर झाल्यावर भिंत पातळ होते, मग आत बिडाची नवी नळी ठोकून पुन्हा ६८ वर आणतात. म्हणजे ज्याला आपण 'इंजिन' म्हणतो त्याच्या आतली भिंतसुद्धा नवी असू शकते, नंबर मात्र तोच. मडगार्डच्या ठिगळाची नोंदही मिळाली: 'महाबळेश्वरहून परतताना बैलगाडीचा धक्का. वाईला जोड. रु. ३५.' त्या प्रवासात मी मागच्या सीटवर होतो. ठिगळ ठेवलं.

१९७० च्या दशकात गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, सुटे भाग सहज मिळत नसत आणि आयात जवळपास बंद होती. तेव्हा गाडी टिकवण्याचा एकच मार्ग होता, दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे बदल. मोठ्या अमेरिकी गाड्यांत पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं आली, अँबेसेडरमध्ये आली, टॅक्सींच्या डिकीत सीएनजीचे सिलिंडर आले. हे सगळं त्या गाड्यांचं चरित्र आहे. जी गाडी आपल्याकडे पन्नास वर्षं चालली आणि जिच्यात काहीच बदललं नाही, ती बहुधा चाललीच नाही, कुठल्या तरी वाड्यात उभी होती.

इथे कायदा येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला 'व्हीए' ही अक्षरं असलेला नंबर मिळतो, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. या नियमाचं मी स्वागतच करतो. त्याआधी कायद्याच्या लेखी १९३० ची गाडी आणि पंधरा वर्षांची भंगार गाडी यांत काही फरक नव्हता. पण 'मूळ स्वरूप' या दोन शब्दांत जो अर्थ धरलेला आहे तो रोल्स रॉइसला शोभतो, फियाटला नाही. वाड्यात उभी राहिलेली गाडी त्यात बसते. संसार ओढलेली गाडी दाराशीच अडते.

गंमत म्हणजे जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जो महासंघ आहे, १९६६ साली स्थापन झालेला 'फिवा', त्याची दृष्टी याहून उदार आहे. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ ची व्हेनिसची सनद आहे, तिच्या धर्तीवर फिवाने गाड्यांसाठी तुरीनची सनद केली. फियाट या नावातला शेवटचा 'ट' त्याच तुरीनचा. या सनदेचा रोख असा: गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हीसुद्धा तिच्या इतिहासाची साक्ष आहे, सगळं पुसून ती कारखान्यातून निघाली त्या दिवशीसारखी करणं हेच ध्येय असू नये. नवा भाग घातला तर त्यावर बारीकशी खूण करावी आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी. अण्णांना तुरीन ठाऊक नव्हतं. वही होती.

हा प्रश्न मोटारीच्या आधीचा आहे, हे सांगायला हवं. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद रथात बसून भिक्षू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो, धुरी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? चौकट? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? राजा सांगतो, हे सगळे एकत्र आले की त्यांच्यावरून 'रथ' असं नाव पडतं. नागसेनाला माणसाबद्दल बोलायचं होतं, रथ फक्त दाखल्याला. पण तो दाखला परिवहन कार्यालयाच्या मैदानातही तंतोतंत लागू पडतो. एवढाच फरक की नागसेनाच्या रथाला चासी नंबर नव्हता.

चाचांना मी एकदा विचारलं होतं, यातलं ओरिजिनल काय उरलंय? ते कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करत होते. "साब, ओरिजिनल तो कंपनी ने भी एकही बार बनाया था," म्हणाले आणि जेट डोळ्यासमोर धरून आरपार उजेड दिसतो का ते पाहू लागले.

चाचा आता सत्तरीपुढचे आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींवर त्यांचं आयुष्य गेलं. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला त्या रस्त्यावरून गेल्या. वर्तमानपत्रांत हळवे लेख आले. आम्हा छंदी लोकांवर मात्र वेगळंच संकट कोसळलं. इतकी वर्षं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसच्या दुकानांत फियाटचे सुटे भाग मिळत होते ते टॅक्सींसाठी, आमच्यासाठी नव्हे. आम्ही त्या मोठ्या घरच्या ताटातले चार घास खात होतो. ताट उचललं गेलं. व्हील सिलिंडरचे रबरी कप, जे कुठल्याही दुकानात मिळायचे, ते आता आम्ही दहा-दहा जण मिळून बनवून घेतो. काचेच्या खालची रबरं साच्यावर ओतून घेतो. पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्याला खोक्यात न उघडलेला डिस्ट्रिब्यूटर मिळाला तर त्या दिवशी दहा फोन होतात.

भाग बनवता येतील. हात बनवता येत नाहीत. पितळी जोड देणारा डेंटर, कानाने टायमिंग लावणारा मिस्त्री, नळी ठोकून पुन्हा ६८ वर आणणारा लेथवाला, यांची पोरं आता संगणकाला वायर जोडून दोष वाचतात. त्यांचं काही चुकत नाही, पोट त्यातच आहे. चाचांचा नातू एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. गेल्या वर्षापासून तो सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतो, चाचांच्या शेजारी बसतो. पॉइंटची फट अजून त्याला जमत नाही. मी चाचांचं बोलणं टिपून घ्यायला लागलो आहे, पण 'किंचित अडून' याच्यापुढे शब्द जात नाहीत, म्हणून आता त्यांच्या हातांचं चित्रीकरण करतो.

ठिगळ लावलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी का, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. बदललेलं इंजिन त्याच जातीचं, त्याची नोंद कागदावर, कदाचित अर्ज मान्यही झाला असता. आईने एकच विचारलं, "मग मला मंडईत नेता येईल का तिच्यातून?" नियमाप्रमाणे नाही. म्हणून साधीच नोंदणी केली, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांची. त्या दिवशी मैदानातून परत आल्यावर वहीत लिहिलं: 'नोंदणी नूतनीकरण. इंजिन नंबर ताडला. पॉइंट घासले. आई, मंडई, येताना पाऊस. डावा वायपर अडकतोय.'